‘सर्कस’ १९ भागांत संपली, पण पडली कुठे?

गेले काही दिवस एक मजकूर फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो दोनदा आला, एकदा मावशीकडून आणि दुसऱ्यांदा तिच्याच जावयाकडून. तो थोडक्यात असा: ‘शाहरुख खानच्या पहिल्या मालिकेला, “सर्कस”ला, प्रेक्षकच मिळाले नाहीत. “फौजी” सुपरहिट होती, ही मात्र १९ भागांत गुंडाळावी लागली. एका हिरोच्या जिवावर काढलेली, स्टुडिओत तंबू ठोकून उरकलेली मालिका. मुळात सर्कस हा गोऱ्यांचा खेळ, आपल्याला त्याचं काय? पुढे सरकारने प्राण्यांवर बंदी आणली आणि सर्कसच संपली.’ खाली हसून लोळणारे तीन चेहरे.

एवढ्याशा मजकुरात इतक्या चुका क्वचितच सापडतात. मावशीला उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबतच गेलं.

‘पहिली मालिका’ हे पहिल्यांदा निकालात काढू, कारण त्याला फार वेळ लागत नाही. ज्याने हे लिहिलं त्याने पुढच्याच वाक्यात ‘फौजी’चं नाव घेतलंय. ‘फौजी’ १९८९ मध्ये आधी दिसली, ‘सर्कस’ त्यानंतर, १९८९-९० मध्ये. त्याही आधी, १९८८ मध्ये, दिग्दर्शक लेख टंडन यांच्या ‘दिल दरिया’चं चित्रीकरण सुरू झालं होतं, पण ती मालिका रखडली म्हणून ‘फौजी’ पुढे आली. आणि ‘वागले की दुनिया’ आठवून पाहा. वागलेंना गाडीची धडक देणारा तो तरणा पोरगा शाहरुखच होता. ती मालिका कुंदन शाह यांची. म्हणजे ज्या दिग्दर्शकाने त्याला तिथे छोटंसं काम दिलं, त्यानेच पुढे अझीझ मिर्झांच्या जोडीने ‘सर्कस’ दिग्दर्शित केली.

‘एका हिरोच्या जिवावर’ हा आरोप वाचून मात्र हसूच आलं. कुंदन शाह, सईद मिर्झा आणि अझीझ मिर्झा या मंडळींचा पिंडच वेगळा होता. १९८६ मधली ‘नुक्कड’ ज्यांनी पाहिली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. तिथे हिरो नव्हताच, नाका होता. नाक्यावरचा इलेक्ट्रिशियन, चहावाला, सायकलवाला, दारुडा. ‘सर्कस’मध्ये नाक्याच्या जागी तंबू आला, एवढाच फरक. शाहरुखचा शेखरन हा सर्कसमालकाचा शिकलेला मुलगा. बाहेरच्या जगात जायची स्वप्नं बघणारा, आणि शेवटी वडिलांची सर्कस गळ्यात पडलेला. त्याच्या निमित्ताने कॅमेरा तंबूत शिरतो. आणि एकदा शिरला की झुल्यावरच्या मुलीकडे, जोकरकडे, हिशेब लिहिणाऱ्याकडे वळतो आणि त्यांच्यातच रमतो.

माणसं कोण होती तेही बघा. रेणुका शहाणे, आशुतोष गोवारीकर, मकरंद देशपांडे, पवन मल्होत्रा, नीरज व्होरा, समीर खक्कर. पवन मल्होत्रा आणि समीर खक्कर हे दोघे ‘नुक्कड’मधूनच आलेले, खक्करांचा ‘खोपडी’ कोण विसरेल? शाहरुखचं नाव तेव्हा यांच्यापेक्षा फार मोठं होतं असं मुळीच नाही. त्याचा पहिला चित्रपट, ‘दीवाना’, लागला १९९२ मध्ये. आज आपण मागे वळून बघतो तेव्हा त्या घोळक्यात एकच चेहरा उजळून दिसतो. हा दोष आपल्या नजरेचा, मालिकेचा नाही.

आता त्या १९ कडे. सगळ्या मजकुराची मदार या एका आकड्यावर आहे. आजच्या मालिका हजार भाग ओलांडतात, सासूची सून होते, सुनेची सासू होते, मधे कुणीतरी वीस वर्षांची उडी मारतं. त्या सवयीने १९ हा आकडा वाचला की वाटतं, बिचारी मेली लवकर.

दूरदर्शनचा कारभार तसा नव्हता. १९८४ मध्ये ‘हम लोग’पासून प्रायोजित मालिकांचं युग आलं. निर्मात्याने प्रस्ताव द्यायचा, नमुन्याचा भाग दाखवायचा, मंडी हाउसच्या, म्हणजे दूरदर्शनच्या दिल्लीतल्या मुख्यालयाच्या, फायलींतून तो पुढे सरकायचा, आणि मग ठरावीक भागांची मंजुरी मिळायची. १३ हा त्यातला लाडका आकडा, कारण दर आठवड्याला एक भाग धरला तर १३ आठवड्यांत एक तिमाही भरते. पुढचे भाग हवे असतील तर मुदतवाढ मागायची. ‘रामायण’सारखी मालिकासुद्धा आधी ५२ भागांसाठी मंजूर झाली होती; वाढत वाढत ७८ वर गेली. मालिका संपणं हा त्या काळी अपमान नव्हता. गोष्ट सांगून झाली की लोक उठून जेवायला बसत.

आणि ज्या ‘फौजी’ला हा मजकूर सुपरहिट म्हणतो, तिचे भाग किती होते? १३. केतन मेहतांची ‘मिस्टर योगी’ आठवते? मोहन गोखले, बारा राशींच्या मुली, सूत्रधार ओम पुरी. तिचेही १३. तीसुद्धा पडली म्हणायची का? १३ भागांची ‘फौजी’ गाजली आणि १९ भागांची ‘सर्कस’ आपटली, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात ते मला बघायचंय.

ती किती लोकांनी पाहिली, यावर वाद घालता येईल. ‘रामायण’ लागलं की रस्ते ओस पडायचे, तसं ‘सर्कस’चं कधी झालं नाही. हे मान्य. पण ती मालिका ‘रामायण’ होण्यासाठी काढलेलीच नव्हती. अपयशाची एक साधी खूण असते: पडलेल्या कामानंतर माणसं पांगतात. इथे उलटंच झालं. अझीझ मिर्झांनी १९९२ मध्ये ‘राजू बन गया जंटलमन’ केला, कुंदन शाह यांचा ‘कभी हां कभी ना’ १९९४ मध्ये आला, दोन्हींत शाहरुख, आणि दुसऱ्यात सोबत आशुतोष गोवारीकरही. हेच गोवारीकर २००४ मध्ये ‘स्वदेस’ घेऊन आले तेव्हा नायक कोण होता ते सांगायला नको. ही ओळख तंबूतली.

दूरदर्शनने ती २०१७ मध्ये पुन्हा दाखवली, आणि २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदी लागल्या लागल्या, ‘ब्योमकेश बक्षी’सोबत पुन्हा काढली. यावर कुणी म्हणेल, ते शाहरुखच्या नावामुळे. असेलही, मी भांडणार नाही. पण मग प्रेक्षक मिळत नाहीत ही तक्रार कुठे उरते?

‘स्टुडिओत तंबू ठोकून’ या आरोपाला उत्तर एका ओळीचं आहे: चित्रीकरण अपोलो सर्कसच्या खऱ्या तंबूत, तिथल्या खऱ्या कलाकारांबरोबर झालं. मालिका पुन्हा पाहाल तर नटांच्या मागे बघा. मागे जी माणसं सहज हातावर उभी राहतात, दोऱ्या ओढतात, ती अभिनय करत नाहीयेत. त्यांचा तो रोजचा दिवस आहे. कुठल्याही स्टुडिओत तो पोत मिळाला नसता.

यापुढचा मुद्दा मला खरा टोचला. ‘सर्कस हा गोऱ्यांचा खेळ, आपल्याला त्याचं काय?’ हे मराठीत लिहिलेलं वाचणं म्हणजे कमालच! नाटक आणि सर्कस या दोन्ही गोष्टी सांगली-कुरुंदवाडच्या मातीने दिल्या, असं आमच्याकडची जुनी माणसं ऐटीत सांगायची. त्यात थोडी बढाई असेल, पण सर्कसपुरतं ते खरं आहे.

विष्णुपंत छत्रे हे मूळचे अंकलखोपचे. कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी ते चाबूकस्वार होते, म्हणजे घोड्यांना शिकवणारे. १८७९ च्या सुमारास मुंबईत किआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस आली होती. ती पाहून विष्णुपंतांनी स्वतःची सर्कस उभी करायचं मनावर घेतलं. ‘तुम्हा लोकांना हे जमणार नाही’ असं किआरिनी म्हणाला आणि छत्रे ईर्षेला पेटले, ही गोष्ट प्रत्येकजण थोडी वेगळी सांगतो. तपशील सोडून देऊ. १८८० च्या सुमारास त्यांची ‘ग्रँड इंडियन सर्कस’ उभी राहिली आणि देशभर फिरली. त्यामागोमाग कार्लेकर, देवल अशी नावं आली. खेळाचा साचा युरोपातून आला हे खरंच, पण मग नाटकाचा पडदा आणि बाजाची पेटी तरी कुठून आली होती?

छत्र्यांच्या तंबूबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्वाल्हेरला घोड्यांची विद्या शिकताना विष्णुपंत हद्दू खाँसाहेबांकडे गाणंही शिकले होते. पुढे गुरूंचा मुलगा रहिमत खाँ हलाखीत भटकत असलेला सापडला, तेव्हा त्यांनी त्याला आपल्याकडे आणलं. ‘भूगंधर्व’ म्हणून ज्यांचं नाव आजही गवई आदराने घेतात, ते हे रहिमत खाँ. सर्कशीबरोबर गावोगाव फिरले, तिच्या आसऱ्याने गायले, आणि १९२२ मध्ये कुरुंदवाडलाच गेले. वाघाच्या पिंजऱ्यापासून हाकेच्या अंतरावर ग्वाल्हेर घराण्याची तान चाललीय, असं चित्र एखाद्या पटकथाकाराने लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, फारच ताणलंय बुवा.

तिथून धागा केरळात जातो. छत्र्यांची सर्कस तलश्शेरीला गेली तेव्हा तिथले व्यायामशिक्षक कीलेरी कुञ्ञिक्कण्णन यांनी ती पाहिली. त्यांनी मुलांना कसरती शिकवायला सुरुवात केली आणि १९०१ मध्ये सर्कशीची शाळाच काढली. त्या शाळेतून आणि त्या गावातून निघालेल्या माणसांनी पुढे जवळजवळ सगळ्या भारतीय सर्कशी भरून टाकल्या. म्हणूनच मालिकेतल्या सर्कसमालकाच्या मुलाच्या ‘शेखरन’ या नावाला असलेलं मल्याळी वळण मला फार बोलकं वाटतं. लिहिणाऱ्यांना तंबूची जात-कुळी ठाऊक होती.

आणि पुण्याचे दामू धोत्रे? १९०२ चा जन्म, कोवळ्या वयात सर्कशीत, आणि पुढे थेट अमेरिकेतल्या रिंगलिंग बंधूंच्या सर्कशीत वाघ-बिबट्यांना खेळवणारा माणूस. गोऱ्यांचा खेळ गोऱ्यांच्याच तंबूत जाऊन दाखवणारा!

शेवटचा मुद्दा, प्राण्यांवरच्या बंदीचा. ‘सरकारने बंदी आणली आणि सर्कस संपली’ हे इतक्यांदा ऐकलंय की खरंच वाटू लागतं. क्रम नीट लावू. पहिली अधिसूचना मार्च १९९१ ची, म्हणजे मालिकेनंतरची. ती न्यायालयात अडकली. सुधारित अधिसूचना आली १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये: अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद. सर्कसवाल्यांनी तिलाही आव्हान दिलं. केरळ उच्च न्यायालयाने २००० मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २००१ मध्ये ती कायम ठेवली. हत्ती, घोडे, उंट, पोपट त्या यादीत नव्हतेच. म्हणजे एका रात्रीत तंबू रिकामा झाला, असं काही घडलं नाही. तोवर दहा वर्षं गेली होती.

बंदीने धक्का बसला, ते नाकारत नाही. सिंह नाही म्हटल्यावर आमच्याकडे पोरंही ‘मग काय बघायचं’ म्हणाली होती. पिंजऱ्यात आयुष्य काढलेल्या त्या सिंहाला कुणी विचारलं असतं तर त्याचं उत्तर वेगळं असतं, आणि मला ते पटलं असतं. पण तंबू चालवणाऱ्याशी दोन मिनिटं बोला, तो आधी मैदानाबद्दल बोलतो. शहराच्या मध्यावरची मैदानं गेली, तिथे इमारती आल्या, उरलेल्यांचं भाडं आवाक्याबाहेर गेलं. मग पोलिसांची परवानगी, अग्निशमन, वीज, महापालिका. पावसाळ्यात धंदा बसलेला, पण जेवायला माणसं तेवढीच. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवण्याविरुद्ध आदेश दिले. ते योग्यच होतं, पण लहानपणापासून अंग वळवून तयार करण्याची जुनी पद्धत त्याबरोबर थांबली. आणि घरोघरी टीव्ही होताच. सर्कशीचं गिऱ्हाईक संध्याकाळी घरात बसवून ठेवण्यात टीव्हीचा मोठा वाटा, आणि त्याच टीव्हीने सर्कशीवरची एक देखणी मालिका केली. यात कुणाला दोष देणार?

शिवाय ‘संपली’ हे तरी कुठे खरं आहे? पुण्याची रॅम्बो सर्कस सुरू झाली १९९१ मध्ये, म्हणजे मालिका दाखवून झाल्यावर. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तिचा मुक्काम ऐरोलीला होता. माणसं तिथेच अडकली, खेळ बंद. मग त्यांनी कॅमेऱ्यासमोर खेळ करून तो तिकीट लावून ऑनलाइन दाखवला. तंबूने पुन्हा एकदा पडद्याचा आधार घेतला.

तर मावशी, दुरुस्ती करून पुढे पाठवणार असशील तर ‘पहिली’ खोड, ‘हिरोच्या जिवावर’ खोड, ‘स्टुडिओत’ खोड, गोऱ्यांचं वाक्य खोड आणि बंदीचंही. १९ मात्र बरोबर आहे, तेवढं राहू दे.