काटा शून्यावर

गाडीचा ब्रेक गेला की माणसं हळहळतात. क्लचची वायर तुटली की ढकलायला कुणीतरी पुढे येतं. स्पीडोमीटर बंद पडलं तर मात्र एकच वाक्य ऐकायला मिळतं, "गाडी चालतेय ना? मग झालं तर!" इतका बेवारस बिघाड दुचाकीत दुसरा नाही.

माझ्या मोटारसायकलचा काटा शून्यावर जो बसला, तो उठायचं नाव घेईना. उतारावर नाही, चौथ्या गिअरमध्ये नाही. गाडी भरधाव, वारा कानात शिरतोय, आणि समोर मीटर ठामपणे सांगतंय की आपण उभे आहोत.

मीटर बंद आहे म्हटलं की समोरचा माणूस आधी काचेवर टिचकी मारतो. तो वकील असो, शिक्षक असो, टिचकी चुकत नाही. आमच्या ओळखीतल्या डॉक्टरांनी तर टिचकी मारून कानही लावला. टिचकीने बरं झालेलं मीटर मी अजून पाहिलेलं नाही. टिचकीनंतर सल्ला येतो. एकाने फ्यूज तपासायला सांगितलं. केबलवर चालणाऱ्या मीटरमध्ये वीज येते ती दिवे लावण्यापुरती. काट्याचा फ्यूज कुठून उडणार? पण सल्ला देणाऱ्याला असं विचारायचं नसतं, त्याचा काटा लगेच वर जातो.

खरं तर या मीटरमध्ये फार गूढ काही नाही. पुढच्या चाकाच्या हबमध्ये एक छोटा गिअर असतो. चाक फिरलं की तो केबलच्या आतली तार फिरवतो आणि ती तार वर मीटरमधलं लोहचुंबक फिरवते. चुंबकाजवळ ॲल्युमिनियमची वाटी असते आणि काटा त्या वाटीला जोडलेला. चुंबक वाटीला शिवत नाही, ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. तरी चुंबक फिरायला लागलं की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि तीही त्याच्यामागे ओढली जाते. भावकीतल्या दोन घरांसारखं आहे हे: बोलणं बंद, येणं-जाणं बंद, पण एकाकडे हालचाल झाली की दुसऱ्याकडे अस्वस्थता. एक नाजूक स्प्रिंग वाटीला मागे खेचून धरते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल, तो आपला वेग. ओटो शुल्झे नावाच्या संशोधकाने १९०२ साली याचं पेटंट घेतलं. एवढ्या जुन्या यंत्राला आपण उठसूट टिचक्या मारतो.

निदानाची गुरुकिल्ली तर मीटरच्या तोंडावरच असते. किलोमीटरचे आकडेही त्याच तारेवर फिरतात. आकडे पळताहेत आणि काटा मेलेला, तर दुखणं मीटरच्या आत. दोन्ही बंद, तर आधी खाली बघायचं, केबलकडे आणि चाकाकडे. एवढा विचार करून मी मेकॅनिककडे गेलो.

"मीटर गेलं," तो टिचकी मारून म्हणाला.

"आकडेपण बंद आहेत," मी सूचकपणे म्हणालो.

"मग पूर्णच गेलं!"

मी नवं मीटर न घेताच परतलो.

दरम्यान वेगाचा अंदाज इंजिनच्या आवाजावर चालला होता. आई मागे बसली की तीही सोय नको. "अरे, केवढा पळवतोस!" हे ती गाडी स्टँडवरून उतरवल्यापासून सुरू करते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांत ३९ क्रमांकाचा नियम स्पीडोमीटरचा आहे. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवायचा नाही, थोडा जास्त दाखवला तर चालेल, असं तो सांगतो. आई या नियमात चोख बसते. फक्त 'थोडा' या शब्दावर तिचे मतभेद आहेत. फोनमधलं जीपीएस बहुतेक मीटरपेक्षा जरा कमीच आकडा सांगतं ते याच नियमामुळे. तो आकडा पाहून मीटर बिघडलं असं समजणारे वेगळेच.

शेवटी सुट्टी बघून पान्हा घेतला. मीटरखालचा नट सोडवून केबल मोकळी केली, पुढचं चाक उचलून फिरवलं. तारेचं चौकोनी टोक ढिम्म. तार चिमटीत धरून ओढली तर अर्धीच हातात आली. तुटल्या जागी पीळ उसवून बारीक तारा पिंजारलेल्या, त्यांवर वाळून काळं पडलेलं ग्रीस. त्या तारांनी बोटाला टोचून शेवटचा निषेध नोंदवला. बाकीचा अर्धा भाग खालून निघाला. नवी केबल घालण्याआधी हबचा गिअर आणि मीटर दोन्ही मोकळे फिरतात ना, ते बघून घ्यावं. तिथे काही अडत असेल तर नवी तारही त्याच वाटेने जाते. ग्रीस हलक्या हाताने लावावं, आणि वरच्या टोकाला तर नाहीच, नाहीतर ते फिरत फिरत मीटरमध्ये चढतं.

नवी केबल घातली. काटा उठला आणि वीस ते साठच्या मध्ये नाचायला लागला. हँडलजवळ केबलला तीव्र वळण पडलं होतं, त्यामुळे तार आत अडकत-सुटत फिरत होती. वळण सैल केल्यावर नाच थांबला.

आता मीटर चालतं, पण बंद काळात गाडी जेवढी पळाली, तेवढे किलोमीटर त्याच्या हिशेबी नाहीत. ऑइल बदलायला गेलो तेव्हा मेकॅनिकने आकडे वाचले आणि म्हणाला, "अजून वेळ आहे." मी सांगितलं, मध्ये बरेच दिवस मीटर बंद होतं. त्याचे डोळे एकदम चमकले.

"साहेब, हे गाडी विकताना बोलू नका."