म्युरेन बाँडपटाच्या आधीपासून होतं

स्वित्झर्लंडच्या सहलींच्या फोटोंसोबत एक मजकूर हमखास फिरतो. म्युरेन हे गुराख्यांचं अनोळखी खेडं होतं. १९६९ च्या जेम्स बाँडपटात गावावरचं शिल्टहॉर्न शिखर दिसलं आणि गावाचं नशीब उघडलं. तिथली ‘इन्फर्नो’ ही स्की-शर्यत त्यानंतर पर्यटकांसाठी काढली. उतारावरच्या शर्यती तर फ्रान्समधल्या शामोनीच्या १९२४ च्या हिवाळी ऑलिंपिकपासून होत्याच, त्यात म्युरेनचं काही नाही. एकेक दावा तपासू.

अनोळखी खेडं? लाउटरब्रुनेनहून म्युरेनला जाणारी डोंगरी रेल्वे १८९१ ची आहे. उन्हाळ्यात पाहुणे येतच होते. १९१०-११ च्या सुमारास इंग्रज लन कुटुंबाच्या प्रवासी कंपनीने हिवाळ्यातही माणसं आणायला सुरुवात केली आणि त्यासाठी रेल्वे बर्फाच्या दिवसांतही चालू राहिली.

इन्फर्नो चित्रपटानंतरची, हे साफ चूक. पहिली शर्यत १९२८ च्या जानेवारीत झाली. शिल्टहॉर्नची उंची २,९७० मीटर आणि खाली लाउटरब्रुनेन सुमारे ८०० मीटरवर. वर जायला केबलकार नव्हती, ती १९६७ मध्ये आली. म्हणजे स्पर्धकांनी आधी पायी शिखर गाठायचं आणि मग कुणीही न सपाट केलेल्या बर्फावरून थेट दरीत उतरायचं. त्या मोजक्या स्पर्धकांत बायकाही होत्या. ही शर्यत पर्यटकांच्या करमणुकीसाठी होती असं म्हणणं त्या माणसांवर अन्याय आहे.

आता शामोनी. मला सगळ्यांत जास्त खुपतं ते हेच, कारण इथे एका खेळाचा जन्मच पुसला जातो. १९२४ च्या त्या खेळांत स्कीचे प्रकार होते, पण ते नॉर्डिक: लांब पल्ल्याची धाव, स्की-उडी, दोन्हींची एकत्र स्पर्धा आणि लष्करी गस्त. डाउनहिल, म्हणजे उतारावरून सरळ वेगाने खाली येणं, नाही; स्लॅलम, म्हणजे झेंड्यांमधून वळत उतरणं, नाही. त्या काळी स्की म्हणजे नॉर्वेची परंपरा, आणि नुसतं उतारावरून खाली येणं हा स्वतंत्र खेळ मानायला नॉर्डिक मंडळी तयार नव्हती.

हे बदलण्यासाठी भांडला तो त्याच लन कुटुंबातला, मद्रासमध्ये जन्मलेला आर्नल्ड लन. २१ जानेवारी १९२२ रोजी म्युरेनला त्याने स्लॅलमची शर्यत घेतली. झेंड्यांच्या जोड्यांमधून वळत खाली यायचं आणि सर्वांत कमी वेळात येईल तो विजेता. वळण किती देखणं घेतलं याला गुण नाहीत, हिशेब फक्त घड्याळाचा. (ऑस्ट्रियात लिलियनफेल्डला मतियास झ्दार्स्कीने १९०५ मध्येच झेंड्यांमधून शर्यत घेतली होती. तिचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण आजचे नियम ज्या मुळावर वाढले, ते मूळ म्युरेनचं.) १९२४ मध्ये तिथेच कंदाहार स्की क्लब निघाला. नाव अफगाणिस्तानातल्या कंदाहारवरून, म्हणजे कानपूरला जन्मलेले ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या ‘ऑफ कंदाहार’ या किताबावरून. त्यांच्या नावाच्या चषकासाठी १९११ मध्येच स्वित्झर्लंडमधल्या माँटानाला उताराची शर्यत झाली होती. तीही शामोनीच्या आधीच.

१९३० मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने डाउनहिल आणि स्लॅलमला मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी या उताराच्या, म्हणजे अल्पाइन, स्कीचं पहिलं जागतिक अजिंक्यपद भरलं. कुठे? म्युरेनला. पुरुषांत डाउनहिल वाल्टर प्रागरने, स्लॅलम डेव्हिड त्सोगने जिंकलं. महिलांच्या दोन्ही शर्यती १७ वर्षांच्या एस्मे मॅकिननने. १९३५ मध्ये अजिंक्यपद पुन्हा म्युरेनला आलं. ऑलिंपिकमध्ये अल्पाइन स्कीला जागा मिळाली ती १९३६ मध्ये, गार्मिश-पार्टेनकिर्शेनला, आणि तीसुद्धा डाउनहिल-स्लॅलम मिळून एकच पदक अशी.

चित्रपटाचं श्रेय मात्र नाकारायचं नाही. शिखरावरचं फिरतं रेस्टॉरंट अपुरं होतं, चित्रीकरणाच्या बदल्यात निर्मात्यांनी त्याचं काम पुरं करायला पैसा दिला. ‘पिझ ग्लोरिया’ हे त्याचं नावही इयान फ्लेमिंगच्या बाँड-कादंबरीतून, या चित्रपटामार्फतच आलं. केबलकारमधून वर जाणाऱ्यांनी ते जरूर पाहावं, आणि खिडकीतून खालची दरी पाहताना १९२८ ची ती पायी चढलेली माणसंही आठवावीत.