बॅक प्रेशर, सरळ पाइप आणि माझी 94 ची शेवी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी मनापासून थँक्स. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. जुन्या स्टॉक (काहीही न बदललेल्या) पिकअपला मी माझ्या लेखात 3 इंची कॅट-बॅक, म्हणजे कॅटच्या (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा सगळा पाइप आणि मफलर (आवाज दाबणारा डबा), बसवायला सांगितलं ते साफ चूक, कारण इंजिनला बॅक प्रेशर (धुराला बाहेर जाताना होणारा अडथळ्याचा दाब) लागतंच, नाहीतर खालचा टॉर्क (कमी वेगातला ओढायचा जोर) जातो. हा सगळा लोकांना खर्चात पाडायचा धंदा. आणि खरंच काही करायचं असेल तर कॅट आणि मफलर दोन्ही कापा, सरळ पाइप वेल्ड करा, मिशिगनमध्ये कोणी तपासत नाही.

पाइपाच्या साइझबद्दल तुमचं बरोबर आहे आणि ते मी सरळ मान्य करतो. पण त्याचं जे कारण तुम्ही दिलंय ते बरोबर नाही, आणि मला ते कारणच जास्त महत्त्वाचं वाटतं कारण त्याच्यावरच पुढे सरळ पाइपचा सल्ला उभा आहे. एकीकडे बॅक प्रेशर पाहिजे म्हणताय आणि दुसरीकडे बॅक प्रेशर ज्यामुळे तयार होतं त्या दोन्ही वस्तू कापायला सांगताय, हे जुळत कसं?

इंजिनला बॅक प्रेशर नको असतं, कुठल्याच आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) नको असतं. त्याला पाहिजे असतो वायूचा वेग. एका सिलिंडरचा जळका वायू पाइपातून जोरात निघाला की त्याच्या मागे कमी दाबाची जागा तयार होते आणि ती पुढच्या सिलिंडरचा उरलेला धूर ओढून घेते, याला स्कॅव्हेंजिंग म्हणतात. पाइप गरजेपेक्षा मोठा झाला की वायू रमतगमत जातो, ओढ कमी होते आणि खालच्या आरपीएमला ट्रक मंद वाटते. लोकांना वाटतं बॅक प्रेशर गेलं म्हणून टॉर्क गेला, खरं तर वेग गेलेला असतो. नळीच्या तोंडावर बोट धरलं की पाणी लांब जातं ते सगळ्यांनी बघितलंय, पण म्हणून कोणी नळीत बोळा कोंबत नाही.

आता साइझ. माझी ट्रक 94 ची शेवी सी 1500, 5.7 लिटरचं टीबीआय (थ्रॉटल बॉडीतून पेट्रोल सोडणारं) इंजिन, 4000 आरपीएमला साधारण 200 हॉर्सपॉवर आणि टॉर्कचा जोर 2400 आरपीएमच्या आसपास. हे इंजिन वर जाऊन पळणारं नाहीच, त्याचे हेडच (सिलिंडरवरचा व्हॉल्व्हचा भाग) 4000 च्या पुढे हवा देत नाहीत. एक्झॉस्टवाल्यांचा ठोकताळा असा की एका हॉर्सपॉवरला साधारण 2.2 सीएफएम (मिनिटाला घनफूट) वाट लागते आणि पाइपाच्या एका चौरस इंचातून 115 सीएफएमच्या आसपास जातं. म्हणजे 200 ला 440 लागणार आणि 2.5 इंची पाइपातून (जाडी वजा करून) 500 च्या वर आरामात जातंय. मग 3 इंची कशाला? तिथे मी चुकलो, सगळ्या ट्रकांना एकच माप लिहून मोकळा झालो. मूळ लेखात आज दुरुस्ती केली आहे, आणि "ताकद वाढते" हे वाक्यही काढून टाकलंय, कारण स्टॉक टीबीआयवर नुसतं कॅट-बॅक बसवून गाडी चालवताना जाणवेल एवढं काही वाढत नाही.

खर्चात पाडण्याबद्दल बोलायचं तर माझा आग्रह नेमका उलटा आहे. काहीही विकत घेण्याआधी आहे ती सिस्टीम तपासा. माझ्या ट्रकला चढावर दम लागायचा आणि मलाही आधी मोठा पाइप, हेडर्स (इंजिनमधून धूर काढणाऱ्या सुट्या नळ्या) असंच सगळं सुचत होतं. मग इंजिनची हवेची ओढ मोजणारा वीस-पंचवीस डॉलरचा व्हॅक्युम गेज आणला. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) काटा 19 वर स्थिर, छान. 2500 आरपीएमला धरून ठेवलं तर आधी 20, मग हळूहळू 18, 16, आणि मिनिटभरात 14 वर येऊन लटपटायला लागला. म्हणजे धूर पुढे तुंबत होता. गाडी थंड झाल्यावर खाली सरकलो, कॅटवर रबरी हातोडीने हलकंच मारलं तर आतून खुळखुळ्यासारखा आवाज. आतलं जाळं सुटून तुकडे अडकले होते. खात्रीसाठी धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावला, 2500 ला 3 पीएसआयच्या पुढे गेलं की रस्ता चोंदलाय समजायचं, माझं 5 दाखवत होतं. नवीन कॅट बसवला, मफलर जुनाच ठेवला, आणि चढावरचा दम गेला. दादा, माझ्या ट्रकची सगळ्यात मोठी "अपग्रेड" ही होती.

दुसरं म्हणजे लीक. सकाळी थंड इंजिनला टिक-टिक येते आणि गरम झाल्यावर बंद होते ना, ते बरेचदा मॅनिफोल्डचं (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या भागाचं) गॅस्केट असतं. या इंजिनात एकच वायर असलेला ऑक्सिजन सेन्सर ड्रायव्हरच्या बाजूच्या मॅनिफोल्डमध्ये बसतो, त्याला हीटर नाही. त्याच्या आधी कुठे फट असली की बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ झालंय (पेट्रोल कमी पडतंय) आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत बसतो. आणि म्हणूनच मी हेडर्सच्या भानगडीत पडू नका म्हणालो होतो. लाँग ट्यूब हेडर्स लावले की सेन्सर खाली लांब जातो, आयडलला थंड पडतो, मग तीन वायरींचा हीटरवाला सेन्सर घ्या, वाय-पाइप (दोन्ही बाजूंचा धूर एकत्र आणणारा) नवीन बनवा, कॅटची जागा हलवा, आणि हे सगळं अशा इंजिनासाठी जे 4000 ला थकतं.

स्टडबद्दल (पाइप घट्ट धरणारे बोल्ट) तर विचारूच नका. इथल्या थंडीत रस्त्यावर टाकलेलं मीठ तीस वर्षं खाल्लेले ते वाय-पाइपचे तीन तीन स्टड. तीन दिवस रोज संध्याकाळी पेनिट्रेटिंग ऑइल मारलं, शनिवारी टॉर्चने लाल होईपर्यंत तापवलं, पाना लावला आणि पाऊण फेरा फिरेपर्यंत वाटलं सुटला, तेवढ्यात हाताला एकदम हलकं लागलं. तुटला. तो ड्रिल करून काढण्यात अख्खा रविवार गेला. म्हणून मटेरियलवर पैसे घाला असं अजूनही म्हणतो, अल्युमिनाइज्ड (अल्युमिनियमचा थर दिलेलं पोलाद) स्वस्त आहे पण वेल्डच्या जागी कोटिंग जळतं आणि गंज तिथूनच धरतो. 409 स्टेनलेस वरून तांबूस होतं पण टिकतं, 304 सगळ्यात भारी आणि महाग. दुकानदार 304 म्हणून 409 दाखवत असेल तर खिशात चुंबक ठेवा, 409 ला चटकन चिकटतं, 304 ला जवळजवळ नाहीच.

आता आवाज. कॅट बदलायच्या आधी मीही एक प्रयोग केला होता, इथल्याच एका दुकानात चेंबरवाला मफलर लावून घेतला. त्यांनी बेंड मशीनवर दाबून केले, प्रत्येक वळणाला पाइप चपटा, आणि टेलपाइप अ‍ॅक्सलच्या आधीच संपवला. पार्किंगमध्ये आवाज ऐकून मी खूश. त्या उन्हाळ्यात आईबाबा आले होते, त्यांना घेऊन आय-75 ने मॅकिनॉला निघालो. 65 च्या स्पीडला, ओव्हरड्राइव्हमध्ये, इंजिन साधारण 1800 वर फिरतं, व्ही8 म्हणजे सेकंदाला 120 ठोके, आणि तो घुमणारा आवाज नेमका केबिनमध्ये कोंडतो. अर्ध्या तासात आई म्हणाली, "अरे, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतंय रे." बाबांनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं आणि पुढचे चार तास ते कुणाशी बोलले नाहीत. मला अजून वाईट वाटतं त्याचं. परत आल्यावर तो मफलर काढला आणि जुना स्टॉकचाच परत चढवला. पुढे तोही सडला तेव्हा आरपार पण लांब बॉडीचा मफलर, मँड्रेल बेंडचे (वळणावर न चपटणारे) 2.5 इंची पाइप आणि टेलपाइप मागच्या चाकाच्या पलीकडे, एवढं केलं. आता चालत्या गाडीत हळू आवाजातलं नाट्यगीतही ऐकू येतं. तरीही कोणाच्या गाडीत घूं राहिलाच तर बाजूला बंद तोंडाची साधारण मीटरभर नळी वेल्ड करतात, ती तेवढीच एक फ्रीक्वेन्सी मारते, लांबी मात्र मोजून काढावी लागते.

आणि कॅट कापण्याबद्दल. मिशिगनमध्ये एमिशन टेस्ट नाही हे खरं आहे, पण कॅट काढणं हा फेडरल क्लीन एअर अ‍ॅक्टचा भंग आहे आणि 1990 च्या दुरुस्तीपासून तो फक्त दुकानांना नाही, मालकालाही लागू आहे. तपासायला कोणी येत नाही म्हणून ती गोष्ट चालते असं मी कुणाला सांगणार नाही. ट्रक ज्या ड्राइव्हवेत उभी असते तिथेच शेजारची मुलं सायकल चालवतात, चालू इंजिनचा तो धूर त्यांच्याच तोंडाच्या उंचीवर येतो. खराब झालेला कॅट बदलायला कायद्याची आडकाठी नाही, चांगला असलेला काढायला आहे. कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी तर ईओ नंबर (तिथल्या सरकारी मंजुरीचा क्रमांक) बघितल्याशिवाय पार्ट घेऊच नये, तिथे स्मॉग चेकला गाडी अडते.

शेवटी तुमच्या ट्रकबद्दल. तुम्ही 97 ची लिहिली आहे. व्हिनचं (गाडीच्या ओळख क्रमांकाचं) आठवं अक्षर बघा, "आर" असेल तर ते व्होर्टेक 5.7 आहे, 255 हॉर्सपॉवरवालं, म्हणजे हिशोबाने साडेपाचशेच्या वर सीएफएम लागणार आणि तुम्हाला 2.5 कमी पडेल. पावणेतीन घ्या, किंवा 3 इंची, तुमच्या गाडीला ते चालून जाईल. शिवाय 96 पासून ओबीडी-2 (गाडीची स्वतःची तपासणी यंत्रणा) आलं, कॅटच्या मागे वेगळे सेन्सर आहेत, कॅट कापला की चेक इंजिनचा दिवा लागणार, कोड पी0420 नाहीतर पी0430. तेव्हा कापाकापी करायच्या आधी या शनिवारी एकदा व्हॅक्युम गेज लावा, 2500 ला मिनिटभर धरा आणि काटा कुठून कुठे गेला ते इथे लिहा. मग पाइपाचं बघू.