प्रिंटर चालू स्थितीत आहे

आमच्या घरातला इंकजेट प्रिंटर नेमका कोणत्या अवस्थेत आहे, हे एका वाक्यात सांगणे अवघड आहे. तो बंद पडलेला नाही. तसे झाले असते तर प्रश्नच मिटला असता. पण तो चालतो असेही छातीठोकपणे म्हणवत नाही, कारण छापलेल्या ओळींमधून पांढरे पट्टे जातात, निळा रंग मनात आले तरच उमटतो आणि कागद ओढायचा म्हटले की एक तर तो एकही ओढत नाही, नाहीतर चार-पाच एकदम ओढून मध्येच अडकवून ठेवतो. स्कॅनर मात्र ठणठणीत आहे. आणि मध्यमवर्गीय मराठी घरात ज्या वस्तूचा एक तरी अवयव ठणठणीत आहे, ती टाकून देण्याचा ठराव सहसा मंजूर होत नाही.

या यंत्राचे मुख्य दुखणे असे की ते वापरून झिजण्याआधी न वापरल्यानेच बिघडते. शाई बहुतांशी पाण्यात कालवलेली, ती बाहेर पडण्याची छिद्रे केसाहूनही बारीक. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात प्रिंटर नुसता बसून राहिला की छिद्रांच्या तोंडाशी शाई वाळून बसते. पूर्वी रेल्वेच्या तिकिटापासून मुलीच्या प्रोजेक्टपर्यंत सगळे छापले जाई, तेव्हा हा त्रास नव्हता. आता तिकीट मोबाइलवर आणि प्रोजेक्ट पीडीएफमध्ये, म्हणून प्रिंटरला विश्रांती भरपूर आणि तीच त्याला बाधते. मग ‘हेड क्लीनिंग’ करायचे, म्हणजे ही छिद्रे असलेल्या भागाची सफाई. त्यात प्रिंटर बराच वेळ घरघर करतो आणि छिद्रे मोकळी करण्यासाठी आपण विकत आणलेली शाई कागदाला स्पर्शही न करता स्वतःच्या तळाशी असलेल्या स्पंजसारख्या गादीत ओतून टाकतो. किती ओतली याचा हिशेब तो मनाशी ठेवतो आणि गादी भरली असे त्याला वाटले की दिवे लुकलुकवून छपाई बंद करतो. इतका चोख हिशेब आमच्या सोसायटीच्या खजिनदारांनीही कधी ठेवलेला नाही.

त्यातून चारही रंगांची कार्ट्रिज वेगवेगळी. सोय म्हणून तसे केलेले असते, असे विकणारा सांगतो. प्रत्यक्षात पिवळी शाई संपली की हा गृहस्थ काळ्या अक्षरातला अर्जही छापायला तयार नसतो.

दुरुस्तीवाला आला तेव्हा त्याने प्रथम कागद ओढणारा रबरी रोलर ओल्या फडक्याने पुसला. फडके काळे झाले आणि रोलरला पकड आली; एवढ्या एका कृतीने घरात त्याच्याविषयी आदर निर्माण झाला. ‘‘काका, पावसाळ्यात कागदाचं रीम उघडं ठेवू नका, दमट होऊन पानं एकमेकांना चिकटतात,’’ असेही त्याने सांगितले. मग त्याने सिरिंज काढली आणि हेडमध्ये हळूहळू डिस्टिल्ड वॉटर सोडू लागला. मला 1977 सालची ती गोष्ट आठवली, की जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेले सोल्डरिंग आयर्न चुकून लागले, सुईतून शाई उडाली आणि त्यातून उष्णतेने शाईचा थेंब उडवण्याची कल्पना सुचली. इतक्या वर्षांच्या संशोधनानंतर हे तंत्रज्ञान आमच्या जेवणाच्या टेबलावर पुन्हा सिरिंजपाशीच येऊन थांबले होते.

सिरिंजने काम भागले नाही. नवा हेड टाकायचा तर त्याची किंमत नव्या प्रिंटरच्या आसपास जाते, हे त्याने अपराधी चेहऱ्याने सांगितले आणि जाताना पार्टसाठी तीनशे रुपयांत प्रिंटर उचलण्याची तयारीही दाखवली. ‘‘तीनशे?’’ असे ही इतक्या दुखावलेल्या आवाजात म्हणाली, की जणू तो मुलीला पाहायला आला होता आणि हुंड्याचे बोलला होता.

मेहुण्यांचा सल्ला इंक टँकचा. त्यात बाटलीने शाई भरायची आणि ती हजारो पाने पुरते, हे खरे; पण वापर नसेल तर तीही वाळतेच. माझे विचाराल तर महिन्यातून दोन पाने छापणाऱ्याने लेझर घ्यावा, कारण त्यात शाईच्या जागी असणारा टोनर ही मुळात कोरडी भुकटी असते आणि कोरड्या वस्तूला वाळण्याची भीती नाही. त्याहून शहाणपणाचे म्हणजे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवावी. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला. ‘‘आणि रात्री अकराला लागलं तर?’’ या प्रश्नाला त्यात रकाना नव्हता. आमच्या घरी रात्री अकराला कधीही काही छापले गेलेले नाही, पण शक्यता नाकारता येत नाही.

भंगारवाल्याने प्रिंटर उचलून पाहिला आणि ‘‘सगळं प्लास्टिकच आहे’’ म्हणून रद्दीपेक्षाही कमी भाव सांगितला. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रिंटर कार्ट्रिजसकट येतो. तो भंगारात न देता अधिकृत संकलन करणाऱ्याकडेच दिलेला बरा. तसे एक संकलन केंद्र मी शोधले, वेळ ठरवली आणि प्रिंटरच्या वायरी, सीडी, वॉरंटी कार्ड असा संसार गोळा करायला कपाट उघडले.

तिथे पिवळ्या रंगाचे एक सीलबंद कार्ट्रिज निघाले, नऊशे रुपयांचे. ‘‘हे आता दुसऱ्या कुठल्या प्रिंटरला बसेल का?’’ हिने विचारले. बसणार नव्हते. संकलन केंद्राला फोन करून आम्ही वेळ पुढे ढकलली. वापरण्याची मुदत उलटून गेलेली आहे, पण सील शाबूत आहे, आणि ते संपेपर्यंत प्रिंटर ठेवायचा असे ठरले आहे. सध्या मुलगी सूर्यफुलांची चित्रे छापते आहे.