परदेशातून : बर्डीच्या दुकानातलं टॉयलेट

नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, माझ्या थोरल्या भावाचं कपड्यांचं दुकान आहे. यंदा त्यानं रिनोव्हेशन काढलंय. खाली जेन्ट्स आणि किड्स, वर लेडीज सेक्शन, आणि मागे जिथे आजवर रिकामी खोकी रचलेली असायची, तिथे टॉयलेट. इंटिरिअरवाल्यानं सुचवलं की जागा कमी आहे, दोन कोंबण्यापेक्षा एकच मोठं 'युनिसेक्स' करून टाका, मोठ्या ब्रँडवाल्यांकडे हल्ली असंच असतं. दुकानातल्या पोरींनी स्पष्ट सांगितलं, माणसांसोबत (म्हणजे पुरुषांसोबत) एकच असेल तर आम्ही जाणार नाही. दादानं हा तिढा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि मग काय विचारता! लग्नाच्या याद्यांवरूनही आमच्याकडे इतकी भांडणं झाली नसतील.

गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी साक्षीला मलाच उभं केलं. पुण्याला आयटीत असलेला भाचा म्हणाला, "आत्याला विचारा, तिकडे सगळीकडे युनिसेक्सच असतं." नागपुरातच सदर भागात राहणारे काका म्हणाले, "कायचं युनिसेक्स! तिकडच्या सुप्रीम कोर्टानंच आता बायकांचं वेगळं करा म्हणून ऑर्डर काढली." मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते, इथल्याच एका औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे या विषयावर मला बोलता येतं. पण ग्रुपवर चार ओळींपेक्षा जास्त लिहिलं की लोक गुड मॉर्निंगचं फूल टाकून पुढे जातात. म्हणून इथे जरा ऐसपैस लिहिते.

काकांचं आधी. १६ एप्रिल २०२५ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की २०१०च्या समानता कायद्यात 'स्त्री' म्हणजे जैविक अर्थानं स्त्री. खटला मुळात टॉयलेटचा नव्हताच. स्कॉटलंडमधल्या सरकारी मंडळांवर बायकांचं प्रमाण किती असावं, या कायद्यावरून तो उभा राहिला होता. निकालानंतर मात्र सगळी चर्चा येऊन थांबली ती टॉयलेटच्या दारात. दुकानदारांनी सरसकट बायकांचं वेगळं बांधावं, असा हुकूम त्यात नाही. बांधकामाचा नियम त्याच्या आधीचा आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून इंग्लंडमध्ये नव्यानं उभ्या राहणाऱ्या दुकान-ऑफिसांसारख्या इमारतींत स्त्री-पुरुषांची वेगवेगळी सोय करावी लागते. जागा असेल तर त्याशिवाय कुणालाही वापरता येईल अशी स्वतंत्र खोली. आणि जागाच नसेल, तर नुसत्या अशा खोल्याही चालतात.

ही खोली म्हणजे काय, ते मात्र नियमात नीट लिहिलंय. चारही भिंती पूर्ण, दार आतून बंद होणारं, आणि कमोडसोबत बेसिन आणि हात कोरडे करायची सोय त्याच खोलीत. म्हणजे दाराबाहेर आलं की तुमचं काम संपलेलं असतं, ओल्या हातानं कुणासमोर उभं राहायचं नाही. कामाच्या जागेबद्दलचा १९९२चा नियमही साधारण हेच सांगतो. स्त्री-पुरुषांचं वेगळं ठेवा, पण प्रत्येक टॉयलेट स्वतंत्र खोलीत असेल आणि दार आतून लावता येत असेल, तर वेगळं ठेवायची गरज नाही. आमच्या फार्मसीत आम्ही पाच-सहा जण आहोत आणि टॉयलेट एकच. त्यावर आजवर कुणी ब्र काढलेला नाही. भाच्याला जे 'सगळीकडे' दिसतं, ते बहुतेक हेच. कॅफेत, छोट्या दुकानात असलेलं, एका वेळी एकाच माणसानं, बाई असो की पुरुष, वापरायचं एक दार.

त्याला न दिसलेलं दुसरं युनिसेक्सही इथे आहे. एका मोठ्या दुकानानं मध्यंतरी लेडीज आणि जेन्ट्समधली भिंत काढून टाकली. ओळीनं सात-आठ खोपटी, पार्टिशन खालून वीतभर उघडं, आणि समोर सगळ्यांना मिळून बेसिनची एक लांब पट्टी. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. एकदा तिथून बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालून. पाळी चालू होती, हाताला रक्त लागलेलं, आणि बेसिनपाशी तिच्याच वयाची चार पोरं एकमेकांवर पाणी उडवत उभी. तिथे ती पुन्हा गेली नाही. तिला कुणी त्रास दिला नव्हता, कुणी काही बोललंही नव्हतं. तेवढं झालं तरच बायकांची तक्रार खरी धरायची, असं मला वाटत नाही.

तर इथल्या अनुभवातून माझं मत बनलंय ते असं की पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा दार कसं आहे हे आधी बघावं. एका माणसाची बंद खोली असेल तर पाटीची गरजच नाही. ओळीनं खोपटी असतील तर बायकांचं वेगळंच हवं, आणि त्यात काही मागासलेपण नाही.

आता हे मत बर्डीला लावू जावं तर भलतीच अडचण होते. इथे भांडण 'कोणतं टॉयलेट' यावर आहे. आपल्याकडे अजून 'टॉयलेट आहे का' यावरच गाडी अडलेली.

माझं लहानपण नागपूरच्या महाल भागात गेलं. लग्नाचा बस्ता बांधायला इतवारीत जायचं म्हणजे दिवसभराचा कार्यक्रम असे, आणि लग्नं नेमकी मे महिन्यात. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, बाहेर पंचेचाळीसचं ऊन. दुकानात गादीवर बसलं की पोऱ्या थंड पाण्याचे ग्लास घेऊन यायचा. बाबा आणि काका गटागट पिऊन दुसरा मागवायचे. आई, आत्या, मामी ओठ ओले करून ग्लास खाली ठेवायच्या. घरून निघतानाच आईचं ठरलेलं वाक्य असे, "जाऊन या गं सगळ्या, मग संध्याकाळपर्यंत काही होणार नाही." साड्यांचे ढीग पडताहेत, शेठ "वैनी, हा पदर पाहा" म्हणतोय, आणि आईचं अर्धं लक्ष घड्याळाकडे. परत आल्यावर लघवीची जळजळ झाली की सब्जाचं पाणी, धन्याचं पाणी. डॉक्टरकडे त्यासाठी जायचं असतं, हे आमच्या घरात कुणाला सुचल्याचं आठवत नाही. पुरुषांचं काय, इतवारीत गल्ल्या कमी आहेत का?

गिऱ्हाईक निदान संध्याकाळी घरी जातं. दुकानातल्या पोरी सकाळी दहा-साडेदहाला येतात आणि शटर पडेपर्यंत उभ्या असतात. मागच्या खेपेला गेले तेव्हा मी दादाच्या दुकानात एक दुपार काढली. टॉयलेट होतं हो, नव्हतं असं नाही. गोडाऊनच्या मागे, दारात हँगरची खोकी, आत बादली आणि कान तुटलेला मग, कडी सैल म्हणून बांगडीएवढ्या तारेचं वेटोळं. आणि दाराला बाहेरून कुलूप. किल्ली गल्ल्यामागच्या खिळ्याला, गणपतीच्या फोटोखाली. किल्ली हवी तर मॅनेजरला मागायची. एकीला विचारलं, तर म्हणाली, "ताई, मागाले लाज वाटते. गल्ल्यावर गिऱ्हाईक उभं राह्यते, सगळ्याईसमोर मागा लागते. त्याच्यापेक्षा मॉलमधी जाऊन येतो दोघीजणी." मॉलमध्ये जाऊन यायला वीस मिनिटं लागतात. ती जेवणाच्या सुटीतून कापली जातात, हे दादाला ठाऊक होतं. कुलूप का, असं विचारलं तर म्हणाला, "उघडं ठेवलं की अख्खी गल्ली येते अन् घाण करते." त्याचंही खोटं नव्हतं.

म्हणून पोरींनी 'माणसांसोबत नको' म्हटलं त्यात मला जुनाटपणा दिसत नाही. त्यांना ठाऊक आहे की बाजारात जे 'कॉमन' असतं ते चार दिवसांत पुरुषांचं होतं. सीट ओली, कोपऱ्यात खर्ऱ्याची पिचकारी, आणि दाराशी डिलिव्हरीवाला बिडी ओढत उभा. मुंबईत २०११ला 'राइट टू पी'ची चळवळ उभी राहिली ती अशाच साध्या हिशेबावर. पुरुषांना मुतारी फुकट, आणि बाईला त्याच कामाचे पैसे. केरळात कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या सेल्सवुमन संघटित झाल्या, त्याही आधी टॉयलेटच्या मागणीवरून. बसायच्या हक्काची लढाई त्यातून पुढे वाढली आणि २०१८ला तिथल्या सरकारला दुकानांच्या कायद्यात बसायची सोय घालावी लागली. आपल्या राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगारांसाठी शौचालयाची तरतूद आहेच, शिवाय जागा नसेल तर अनेक दुकानदारांनी मिळून एकत्र सोय करावी अशी मुभाही आहे. बर्डीच्या मोदी नंबर एक, दोन, तीन या गल्ल्यांत या मुभेचा किती उपयोग होतो, हे तिथल्या कुठल्याही पोरीला विचारा.

तरीही एका माणसाच्या बंद खोलीची बाजू मी सोडणार नाही, आणि याचं कारण बाबा. शेवटची दोन वर्षं त्यांना लकव्यामुळे धरून न्यावं लागे. आई त्यांना घेऊन बँकेत, दवाखान्यात जायची. जेन्ट्समध्ये आई जाऊ शकत नव्हती आणि लेडीजमध्ये बाबांना नेता येत नव्हतं. मग वॉचमनला विनवायचं, एखादा अनोळखी मुलगा बघायचा. लहान मुलीला घेऊन एकटा बाप बाजारात आला की त्याचीही हीच पंचाईत. आणि तृतीयपंथी माणसाची तर दोन्ही दारांवर. आपल्या सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या २०१४च्या 'नालसा' निकालात त्यांच्यासाठी वेगळ्या सार्वजनिक स्वच्छतागृहांचे निर्देश दिले. जानेवारी २०२५ला देशातल्या सगळ्या न्यायालयांच्या आवारात पुरुष, स्त्रिया, दिव्यांग आणि तृतीयपंथी अशा सगळ्यांची सोय करायला सांगितलं. कपड्यांच्या दुकानात चार दारं कुठून आणणार? एक नीट बंद होणारी, बेसिन असलेली, जरा रुंद खोली हे काम करू शकते.

काकांना हे पटत नाही. बाई आणि माणूस एकच संडास वापरणार म्हणजे संस्कृती बुडाली, असा त्यांचा सूर. काका विदर्भ एक्स्प्रेसनं आयुष्यभर मुंबईला जात-येत राहिले. डब्याच्या टोकाला असलेल्या संडासावर कधी 'लेडीज' लिहिलेलं त्यांनी पाहिलंय का? तिथेही काकू एकट्या जात नसत, कडीचा भरवसा नाही म्हणून काका स्वतः दाराबाहेर उभे राहायचे. संस्कृतीला तेव्हा काही झालं नाही.

मला इथून काही उचलून न्यायचं असेल तर ते भांडण नाही, एक व्यवस्था आहे. इंग्लंडमध्ये सार्वजनिक टॉयलेट बांधायची नगरपालिकांवर कायद्यानं सक्ती नाही, आणि पैसे नाहीत म्हणून असलेलीही ठिकठिकाणी बंद होत गेली. मग लंडनच्या रिचमंडसारख्या भागात पालिकेनं दुकानं, पब, कॅफे यांच्याशी करार केला. तुमचं टॉयलेट येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट वापरू द्या, स्वच्छ ठेवा, काचेवर स्टिकर लावा, आम्ही वर्षाला ठरावीक रक्कम देतो. जर्मनीत आलेन या गावानं हे २०००पासून सुरू केलं आणि पुढे कितीतरी गावांनी उचललं. आपल्याकडे दक्षिण दिल्लीच्या महापालिकेनं २०१७ला हॉटेलांना सांगितलं होतं की बाहेरच्यांनाही येऊ द्या, हवं तर पाच रुपयांपर्यंत घ्या. नागपूर मनपानं बर्डी, इतवारी, गोकुळपेठ या बाजारांत गल्लीमागे दोन-तीन दुकानं धरली आणि त्यांना मालमत्ता करात थोडी सूट दिली, तर दादासारख्या माणसाचा 'अख्खी गल्ली येते' हा जाच निदान फुकटचा राहणार नाही. हिवाळी अधिवेशनात मोर्चाला आलेल्या अंगणवाडी सेविकांना विचारा, ही सूट त्यांना महाग वाटते का.

खरा पेच पुढेच आहे, आणि त्यावर ग्रुपवर कुणी बोललं नाही. साफ कोण करणार? आमच्या फार्मसीत टॉयलेटच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असतो. तारीख, वेळ, सही. मंगळवारी दुपारची पाळी माझी, गुरुवारी मॅनेजरची. पहिल्यांदा हातात ब्रश आला तेव्हा मनात काय काय आलं ते इथे लिहीत नाही, वाचणाऱ्या निम्म्या लोकांना ते न सांगताच कळेल. दादाच्या दुकानात एक बाई एक दिवसाआड येते, पैसे घेते, आणि तिला चहा वेगळ्या कपात मिळतो. ती आली नाही की कुलूप. म्हणजे त्या किल्लीमागे निम्मं कारण बाहेरच्या गर्दीचं, आणि निम्मं हे की दुकानातल्या आठ माणसांपैकी कुणाचाच हात त्या ब्रशला लागणार नाही. एक बांधा की दोन, हा प्रश्न सुटला तरी हा तसाच उरतो.

दादाचं आता असं ठरलंय : वर लेडीज सेक्शनला लागून फक्त बायकांचं एक, आणि खाली बेसिनसकट एक रुंद खोली, कुणाहीसाठी, आतून चांगल्या कडीची. ट्रायल रूम एक कमी होईल. किल्ली नाही. किल्ली नकोच, अशी वहिनीनं अटच घातली होती म्हणे. साफसफाईसाठी मी कागदाचं सुचवलं, पहिल्या आठवड्यात मालकाचं नाव, मग मॅनेजर, मग बाकीचे पाळीपाळीनं. वहिनीनं लगेच अंगठा टाकला, पोरींपैकी एकीनं वहिनीकडून निरोप धाडला की आम्हाला चालते, पण माणसांचीही पाळी लावा. दादानं मेसेज पाहिलाय, दोन निळ्या टिका दिसताहेत. उत्तर अजून आलेलं नाही, आणि दिवाळीआधी दुकान उघडायचंय.