गाडीला घर पाहिजे म्हणे

गाडी घेतली, सेकंडहँडच पण आमच्यासाठी नवी, आणि चार दिवसात गल्लीतल्या कुत्र्यांनी बोनेटवर कायमचा मुक्काम टाकला, तसं आमच्या हिनं जाहीर केलं की अंगणात गॅरेज बांधायचं. इथं शब्दच चुकला बघा. कोल्हापुरात गॅरेज म्हणजे गाड्या दुरुस्त करायची जागा, त्यामुळं पाया खणायला घेतला तोवर एकजण पंक्चर झालेली मोपेड ढकलत दारात हजर!

आम्ही शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला. २०१९ ला अंगणात कमरेएवढं पाणी होतं, तेव्हापासून आमच्यात काहीही बांधायचं म्हटलं की पहिला प्रश्न एकच, उंच किती? आण्णा म्हणाले, जोतं तीन फूट उचला, विषय संपला. संपतोय कुठला! गेटपासून आत शेडपर्यंत जागा सगळी बारा फूट. पुतण्या सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे, त्यानं वहीत काढून दाखवलं, काका, गाडी नीट चढायची तर उतार एकास आठ पाहिजे, म्हणजे तीन फुटाला चोवीस फूट रॅम्प. उरलेले बारा फूट गेटाबाहेर पडून, रस्ता ओलांडून, समोरच्या काकूंच्या तुळशीपाशी पोचत होते.

शेवटी दोन फुटावर मांडवली झाली, एकास सहा. म्हणजे परत तसला पूर आला तर गाडी बुडणारच, फक्त जरा उशिरा.

परवानगीच्या कागदांचं लिहीत नाही, बीपी वाढतंय. मिस्त्री म्हणाले, "सायेब, काळजी सोडा, पंधरा दिवसात देतो," आणि चैत्री यात्रेला जोतिबाला गेले. आठव्या दिवशी कानामागं गुलाल घेऊन उगवले, प्रसाद दिला आणि लगेच दोन ब्रास खडीचे पैसे मागितले. मग वळीव आला, ताडपत्री शेजारच्या टेरेसवर गेली आणि सिमेंटच्या पाच पोत्यांचे पाच धोंडे झाले. शटर उद्यमनगरात करायला टाकलेलं, जिथलं कास्टिंग देशभर जातंय, पण आमचं एक शटर तिथनं दोन किलोमीटर यायला दीड महिना लागला.

रॅम्पवर मात्र मिस्त्रींचा जीव. घोटून घोटून असा कोबा केला की त्यात तोंड दिसावं. "बोट फिरवून बघा सायेब, लोणी हाय लोणी!" बघितलं. लोणीच होतं. पहिल्या पावसात गाडी निम्म्यावर चढली आणि शांतपणे मागं घसरत गेटाबाहेर आली. दुसऱ्यांदा जोर लावला तर वरपर्यंत गेली पण काठाला पोट घासून अडकली, क्लचचा वास सगळ्या गल्लीभर. आण्णा खुर्चीत बसून म्हणतात कसे, "तीन फूट म्हणत होतो."

जुलैत राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी ३९ फुटाला टेकलं. ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला पण पाठ. तासाभरात गल्लीतल्या अकरा स्कूटर माझ्या गॅरेजात, "तुमचं उंच आहे की ओ" म्हणत, दोघादोघांनी ढकलत वर चढवलेल्या. पाठोपाठ काकूंची तुळशीची कुंडी आली. तिला मात्र रॅम्प बरोबर चढता आला.

आणि गाडी? ती राजारामपुरीत मेव्हण्याच्या दारात, उंचावर. काल रात्री त्याचा फोन, "दाजी, तुमच्या बोनेटवर कुत्री झोपत्यात, हाकलू काय?"