क्रोनो ट्रिगरचा पीसी पोर्ट 'सगळ्यात भिकार'? अहो, तो स्क्रीनशॉट २०१८ चा आहे

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात सेल लागला रे लागला की क्रोनो ट्रिगर या जुन्या जपानी रोलप्लेइंग गेमच्या पीसी पोर्टबद्दलचा (पोर्ट म्हणजे एका मशीनचा गेम दुसऱ्यावर आणणं) तो मेसेज परत फिरायला लागतो. "क्रोनो ट्रिगर पीसीवर घेऊ नका, मोबाईलचा गेम जसाच्या तसा उचलून टाकलाय, सगळं ब्लर, कंपनीने पैसे घेतले आणि वाऱ्यावर सोडलं, आजवरचा सगळ्यात भिकार पोर्ट, त्यापेक्षा एम्युलेटरवर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) खेळा." खाली एक स्क्रीनशॉट, त्यातला गेमचा हिरो क्रोनो घासून पुसून गुळगुळीत केल्यासारखा, आणि जमिनीच्या टाइल्समध्ये रेघा दिसतायत.

स्क्रीनशॉट खोटा नाहीये, आधीच सांगतो. २७ फेब्रुवारी २०१८ ला स्क्वेअर एनिक्सने आगाऊ काही न सांगता गेम स्टीमवर आणला तेव्हा तो खरंच असाच होता. मोबाईल व्हर्जनवरून बनवलेला, बोटाने दाबायची मोठमोठी बटणं तशीच, स्प्राइटवर, म्हणजे पात्रांच्या पिक्सेल चित्रांवर, फिल्टर फासलेला आणि तो बंद करायची सोयच नाही. १९९५ च्या गेमला, तेही फायनल फँटसीवाला साकागुची, ड्रॅगन क्वेस्टवाला होरिई आणि ड्रॅगन बॉलचा चित्रकार तोरियामा या तिघांनी मिळून केलेल्या गेमला, अशी वागणूक म्हटल्यावर लोक खवळले, रिव्ह्यू धडाधड निगेटिव्ह पडले. बरोबरच होतं ते.

पण मेसेज पाठवणारे तिथेच थांबलेत. पुढचं कोणी बघितलंच नाही बहुतेक.

"वाऱ्यावर सोडलं" हे तर सरळ सरळ चूक. एप्रिल २०१८ मध्ये पहिला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, आला आणि त्यात ओरिजिनल ग्राफिक्सचा पर्याय दिला, म्हणजे ब्लरची जी मुख्य बोंब होती ती साधारण सहा आठवड्यांत मिटली. मग मे मध्ये कीबोर्ड आणि कंट्रोलरसाठी वेगळा इंटरफेस आला, म्हणजे "मोबाईलचा गेम जसाच्या तसा" हेही तिथे संपलं, आणि ऑगस्टपर्यंत असे एकूण पाच पॅच. बरं एवढ्यावर थांबले का, तर नाही, चार वर्षांनी २०२२ च्या मार्चमध्ये परत अपडेट देऊन २१:९ च्या रुंद स्क्रीनचा सपोर्ट घातला. आता जुन्या गेमला चार वर्षांनी कोण हात लावतं सांगा. मी कंपनीची वकिली करत नाहीये, पहिल्याच दिवशी नीट द्यायला काय झालं होतं हा प्रश्न राहतोच, पण सोडून दिलं असं नाही म्हणता येत.

"सगळ्यात भिकार पोर्ट" वाल्यांनी प्लेस्टेशनवाला पोर्ट खेळलेला नाही हे मी पैजेवर सांगतो. १९९९ चा तो. त्यात अॅनिमेचे कटसीन, म्हणजे मधूनमधून येणाऱ्या छोट्या फिल्म, नवीन होते, छानच होते, पण सीडीवरून चालायचा म्हणून लढाई सुरू व्हायच्या आधी थांबा, मेनू उघडायचा तर थांबा. सुपर निन्टेंडोच्या, म्हणजे गेम मूळ ज्या मशीनवर आला त्याच्या, कार्ट्रिजवर जो मेनू चुटकीसरशी उघडायचा त्याला लोडिंग! आणि या गेमची मजाच ही की लढाईसाठी वेगळी स्क्रीन येत नाही, चालता चालता तिथल्या तिथे भिडायचं, त्यालाच ब्रेक लागला तर काय उरलं. पीसीवर ती भानगड नाही, ते कटसीन मात्र आहेत. वर २००८ च्या निन्टेंडो डीएस या हातात धरायच्या मशीनवरच्या व्हर्जनमधला जादाचा मजकूर, म्हणजे लॉस्ट सँक्टम आणि डायमेन्शनल व्होर्टेक्स, तोही आहे. डीएसमधला राक्षस लढवायचा अरीना नाहीये, पण मला तरी त्याची कधी आठवण आली नाही. शिवाय ऑटोसेव्ह आहे, हे नोकरी करणाऱ्या माणसालाच कळेल किती मोठं आहे.

आता एम्युलेटर. हा मुद्दा मला जवळचा आहे कारण आपल्यापैकी बहुतेकांनी क्रोनो ट्रिगर तिथेच पाहिला, सुपर निन्टेंडो आपल्या गल्लीत कोणाकडे होता? मीही सायबर कॅफेत झेडस्नेस या एम्युलेटरवर खेळलो, कॅफेवाल्याने एक दिवस मशीन फॉरमॅट मारलं आणि माझा गेममधल्या मॅगस या खलनायकाच्या किल्ल्यापर्यंतचा सेव्ह गेला तो गेलाच. पण गंमत ऐका. तेव्हा आपण सगळे झेडस्नेसमध्ये पहिलं काम काय करायचो, तर २एक्स साय नाहीतर सुपर ईगल फिल्टर लावायचो. म्हणजे पिक्सेल वितळवून गुळगुळीत करायचो! आपल्या हाताने! आणि आता तेच लोक "ब्लरने आत्मा मारला" म्हणून गळे काढतायत. आवाजही झेडस्नेसमध्ये हुबेहूब नव्हता, आठवणीत तो गोड लागतो इतकंच.

एक तक्रार मात्र मी पूर्ण मान्य करतो आणि नेमकी तीच त्या मेसेजमध्ये नसते. पीसीवरचं इंग्रजी भाषांतर डीएसवालं आहे. अर्थाला ते जास्त नेमकं आहे, पण जुन्या भाषांतरातला बेडूक सरदार, गेममधलं एक पात्र, "दाऊ", "दी" करत जुनाट इंग्रजीत बोलायचा, नाटकातल्या राजासारखा, तो इथे सरळ बोलतो. मूळ जपानीत तो तसा बोलतच नव्हता असं कोणी म्हणेल, असेल, पण माझ्यासाठी बेडूक म्हणजे तोच. ज्यांना तो हवा त्यांनी खुशाल जुन्या कार्ट्रिजकडे जावं, माझं काही म्हणणं नाही.

बाकीच्यांनी गेम घेतला की आधी सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्स ओरिजिनलवर करा आणि मग सुरू करा. आणि हो, सुरुवातीच्या जत्रेत टेबलावर एका म्हाताऱ्याचा डबा ठेवलेला दिसेल, तो खाऊ नका. पुढे कोर्टात निघतो.